सात नंबरचा गिअरबॉक्स

दादा,

काल सकाळी कैलासभिया आला होता. तुझे तेरा दिवस परवाच झाले. घरातली पाहुणे मंडळी गेली, सतरंज्या उचलल्या, वहिनी पहिल्यांदा जरा निवांत पडली होती, आणि हा दारात. त्याच्या टॅक्सीच्या धंद्याचं आता मुलगा बघतो, त्याचे गुडघे गेलेत, तरी जिना चढून वर आला. खुर्चीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "भेनजी, एक बात है. इत्ते साल पेट में रखी. अब नी रखी जा री."

मला वाटलं, तुझ्या आजारपणाचं काही असेल.

"वो चार गाड़ियाँ थीं ना, जो मैंने आपके शोरूम से उठाई थीं? मेरे को वसंतभिया ने बोला था. बोले, नई गाड़ी तो तू लेगा ही, आज नी तो कल. तो मेरी बहन से ले. उसकी नौकरी कच्ची है. और सुन, उसको बताना मत. उसको लगना चाहिए के उसने खुद बेची."

दादा! अरे, काय माणूस आहेस तू! मी इतकी मोठ्यांदा हसले की वहिनी आतून धावत आली, तिला वाटलं मला पुन्हा रडू फुटलं. मग तेही फुटलंच. कैलासभिया बिचारा घाबरून म्हणाला, "गलत तो नी के दिया मैंने?"

नाही कैलासभिया, बराबर सांगितलंस. फक्त बावीस-तेवीस वर्षं उशिरा.

कालपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुला सगळं माहीत आहे, पण मला पहिल्यापासून सांगू दे. कारण आजवर माझ्या लेकीला, मीनलला, मैत्रिणींना, मनातल्या मनात स्वतःला ही गोष्ट मी सांगत आले ती चुकीची होती.

मिल बंद झाली त्या दिवसापासून धरते. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आपल्या अर्ध्या गल्लीचा श्वास त्या एका गेटवर चालायचा. तू मेंटेनन्सचा फिटर. गेटवर नोटीस लागली, लोक नोटीस वाचत दिवसभर तिथेच उभे राहिले, जणू पुन्हा वाचली तर काही वेगळं लिहिलेलं निघेल. तू दुपारीच घरी आलास. स्वतःची पान्यांची पिशवी खांद्यावर. वहिनीला म्हणालास, "चहा टाक. आणि मागची खोली रिकामी कर, मला जागा लागणार आहे." महिन्याभरात मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली आणि तुझं गॅरेज सुरू झालं.

तुझी गाडी म्हणजे मयूर. मीनलच्या पिढीला सांगावं लागतं की तेव्हा रस्त्यावर दोन-तीनच तऱ्हेच्या गाड्या होत्या, सगळ्या आपल्याच देशात बनलेल्या, आणि नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट बघायची. गोल पाठ, पुढे अख्खी सलग सीट, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. मिलच्या मॅनेजरसाहेबांची मयूर तू रविवारी दुरुस्त करायचास, तेव्हापासूनचं तुझं प्रेम. डॉक्टर, वकील, सरकारी ऑफिसं, सगळ्यांकडे तीच होती. कैलासभियाच्या चार टॅक्सीही मयूरच, आणि चारही तुझ्याकडे यायच्या.

आणि तुझे ते नंबर! गिअरबॉक्स उघडला की झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटासा आकडा ठोकलेला असायचा. कारखान्यात ज्या कामगाराने तो जुळवला त्याचा नंबर. इंदूरमधला दुसरा कुठलाही मेकॅनिक तिकडे बघतसुद्धा नसे. तू मात्र आधी तेच बघायचास. "बारा नंबर. हा माणूस नेहमी घाईत असतो, एक बोल्ट ढिला सोडतोच." "चार नंबरच्या घरी या वर्षी काहीतरी टेन्शन आहे, हात पहिल्यासारखा राहिला नाही." आणि कधी झाकण उघडून एकदम ओरडायचास, "शुभे, इकडे ये! सात नंबर! बघ, बघ कसं बसवलंय! हा माणूस आहे!" मी ग्रीसने भरलेल्या दात्यांकडे बघायची आणि मला काही कळायचं नाही. पण तुझा चेहरा असा फुलायचा की बघत राहावं.

मग मला ती नोकरी लागली. ए. बी. रोडवर काचेचं शोरूम उघडलं होतं, परदेशी कंपनीच्या भागीदारीतल्या नव्या गाड्या. मी बी.कॉम., इंग्रजी बरं, बोलायला धीट. सहा महिने कच्ची नोकरी, गाड्या विकल्या तर पक्की. पहिल्याच आठवड्यात मी ट्रायलची गाडी ड्रायव्हरसकट तुझ्या गॅरेजवर घेऊन आले. काय मिरवत आले होते मी! लाल रंग, थंडगार हवा, पाच गिअर.

तू गाडीभोवती दोन चकरा मारल्यास, खाली वाकून पुढचा बंपर बघितलास.

"हँडल मारायचं भोक कुठे आहे?"

"हँडल लागतच नाही दादा हिला."

"मतलब बॅटरी उतरली की गाडी गेली?"

"हिची उतरत नाही."

"सगळ्यांची उतरते, शुभे." मग तू बॉनेट उघडलंस, हात आत घालायला गेलास आणि तो मनगटापाशीच अडकला. "माणसाचा हात जाईल एवढी जागा पण नाही ठेवली. यांना आपली गरजच नाहीये."

मला राग आला. मी पण तुझीच बहीण. "आणि तुझ्या मयूरने काय केलं? वडिलांच्या वेळी जी होती तीच आज आहे. इतक्या वर्षांत यांना दाराची कडी नीट करता आली नाही. पावसात आत बसलं तरी पाय भिजतात. दुसरी गाडीच नव्हती म्हणून लोक रांगेत उभे राहिले. आता दुसरी आली. मग लोकांनी कायको घ्यावी ही?"

तू बॉनेट हळूच बंद केलंस. हा वाद आपण पुढे प्रत्येक भाऊबीजेला केला. तू म्हणायचास, बाहेरच्यांनी येऊन मारली. मी म्हणायची, ती स्वतःच झोपून राहिली. ओवाळताना आपली तोंडं चालूच असायची आणि वहिनी म्हणायची, निरांजन विझेल, आधी ओवाळून घ्या.

सहा महिन्यांतले पाच गेले. माझी एकही गाडी विकली गेली नव्हती. मॅनेजर माझ्याशी बोलेनासे झाले होते. आणि एका दुपारी कैलासभिया शोरूममध्ये आला. मी त्याला तासभर समजावलं. मायलेज, सर्व्हिस, जुनी गाडी द्या नवी घ्या. तो मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चलो, चारों बदल दो." मला खुर्चीवर बसताच येईना इतका आनंद झाला. पक्की झाले! आणि घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की त्या चारही मयूर तुझ्या होत्या. तुझं निम्मं गॅरेज मी विकून आले होते.

तरी पेढे घेऊन तुझ्याकडे आले. गाड्या कोणी घेतल्या हे सांगितलं नाही. तू पेढा तोंडात टाकलास, दुसरा उचललास, वहिनीला म्हणालास, "बघितलंस? आपली शुभी!" कोणी घेतल्या, हे तूही विचारलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, बरं झालं सुटले. त्यानंतर कित्येक महिने मी तुझ्या गल्लीत शिरताना मागे गॅरेजकडे न फिरकता पुढच्याच दाराने येत असे. ती रिकामी जागा मला बघवत नसे. आणि तू आत बसून काय म्हणत असशील रे? "वेडी आहे पोरगी," असंच ना?

मग मयूरचा कारखानाच बंद पडला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी. तू त्या चार ओळी कात्रीने कापून शेडच्या खांबाला चिकटवल्यास. वर्षभरात सुटे भाग मिळेनासे झाले. एका साध्या गिअरसाठी गाडी दोन-दोन महिने शेडमध्ये उभी. लोक कंटाळून भंगारात देऊ लागले. तेवढ्यात तुला कुठून तरी कळलं की कारखान्याचा स्टोअरचा सगळा माल भंगारच्या ठेकेदाराने उचललाय. तू सरळ शोरूममध्ये आलास. ग्रीसच्या कपड्यांत, त्या चकचकीत फरशीवर. "शुभे, दोन दिवस रजा काढ. इंग्रजी कागद असले तर मला वाचता येणार नाहीत."

मी एका शब्दाने नाही म्हटलं नाही. मला वाटलं, आपलं पाप फेडायची संधी आली.

पहाटे निघालो. तुझी स्वतःची मयूर, जी तू तीन मेलेल्या गाड्यांतून एक उभी केली होतीस. मानपूरचा घाट उतरलो, खलघाटला नर्मदा ओलांडली, सेंधव्याला पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली, बिजासनचा घाट, धुळं, आणि त्याच्याही पुढे. तू सगळी वाट बोलत होतास. लग्नाला निघालेल्या माणसासारखा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून.

कारखान्याच्या गेटसमोर ताडपत्री लावून तीस-चाळीस माणसं बसली होती. आपल्याच मिलच्या गेटसारखं. मध्य प्रदेशची नंबरप्लेट लावलेली मयूर येताना बघून ती सगळी उठून उभी राहिली. एक जण पुढे आला आणि बॉनेटवर हात ठेवून राहिला. तू उतरलास. नमस्कार नाही, रामराम नाही. सरळ विचारलंस:

"सात नंबर कोण आहे?"

कोणालाच कळेना.

"गिअरबॉक्सचा. सात नंबर."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ तुळशीराम! तुम्हाला विचारतायत!" गर्दीतून एक बारीक, चष्मेवाला माणूस पुढे आला. हातात घडी केलेला पेपर. चेहऱ्यावर भीती. त्याने तुला विचारलेला पहिला प्रश्न मी जन्मात विसरणार नाही.

"मीच सात. काय झालं? गळतोय का?"

"एकदाही नाही," तू म्हणालास. "इतकी वर्षं इंदुरात तुमचे गिअरबॉक्स उघडतोय. एकदाही नाही गळला."

तुळशीरामजींनी पेपर काखेत मारला. मग म्हणाले, "तो नंबर कोणी वाचत असेल असं नव्हतं वाटलं हो." आणि तुम्ही दोघं भर रस्त्यात एकमेकांचे हात धरून उभे! शेवटी तूच म्हणालास, "आणि तो बारा नंबर कुठे आहे?" सगळी माणसं खदखदून हसली. मागून एक जाडा माणूस हात वर करून म्हणाला, "आहे, आहे! बोल्ट ढिला निघाला ना? माहितीये मला!" त्या ताडपत्रीखाली किती दिवसांनी हशा झाला होता कोण जाणे.

पण ठेकेदार ऐकेना. आतल्या शेडमध्ये सुट्या भागांचा डोंगर, आणि तो म्हणे, सगळा ढीग वजनावर भट्टीला जाणार, वेचून काही मिळणार नाही. तू हात जोडायला लागलास. ते मला बघवलं नाही. मी पुढे झाले. शोरूममध्ये बोलायची तशीच बोलले. "साहेब, या ढिगात पितळ, लोखंड, अॅल्युमिनियम सगळं एकत्र आहे. वेगळं करून विकलंत तर भाव कितीतरी जास्त. तुमच्या मजुरांना ओळखू येणार नाही, पंधरा दिवस जातील. बाहेर जी माणसं बसलीत त्यांना डोळे मिटून ओळखू येतं. ती आज संध्याकाळपर्यंत वेगळं करून देतील. आम्हाला फक्त आमचे गिअर उचलू द्या, रीतसर भाव घेऊन."

त्याने कपाळ खाजवलं, म्हणाला, बघा विचारून. मी बाहेर येऊन तुळशीरामजींना विचारलं, कराल का? मला भीती होती, फुकट राबायला कोण तयार होणार. त्यांनी एवढंच विचारलं, "मतलब... आत जायला मिळेल?"

गेट उघडलं, दादा! सगळीच्या सगळी माणसं आत गेली. धावतच गेली म्हण ना. प्रत्येक जण आधी आपापल्या जागेवर जाऊन उभा राहिला, जिथे मशीन होती आणि आता नुसते फरशीतले बोल्ट उरले होते. मग सगळे ढिगाला भिडले. काय दिवस होता तो! या टोकाकडून आरोळी यायची, "सेकंडचा गिअर सापडला!" त्या टोकाकडून तू, "इकडे फेका, इकडे!" तू आणि तुळशीरामजी ढिगात गुडघ्यापर्यंत उतरलेले, एकेक दाता अंगठ्याने चाचपत, चांगला निघाला की लहान मुलांसारखे एकमेकांना दाखवत. बारा नंबरने तर शर्ट काढून फेकला होता. ठेकेदारसुद्धा खुर्ची आणून बघत बसला.

संध्याकाळी गेटपास मी इंग्रजीत लिहिला. तू माझ्या खांद्यामागून बघत होतास. "अच्छा," तू म्हणालास, "असं विकतेस होय तू!" तुझ्या डोळ्यांत काहीतरी होतं. मला तेव्हा वाटलं, नुसतं कौतुक. काल कैलासभिया गेल्यावर कळलं की तू त्या क्षणी स्वतःवरही खूश झाला होतास. लेकाचा!

परत येताना गाडीचं बूड रस्त्याला टेकायला आलं होतं, एवढं लोखंड. मानपूरच्या घाटात भर दुपारी पाणी उकळलं. गाडी एका कडेला लावून आपण दगडावर बसलो, वाफ जायची वाट बघत. मी ठरवलं, आता सांगायचं. म्हटलं, "दादा, तुला एक सांगायचंय. त्या कैलासभियाच्या गाड्या..."

तू ताडकन उठलास. "पाणी निवलं. चल."

पाणी निवलं नव्हतं. तुझा हात भाजला झाकण उघडताना, मी बघितलं ना! तेव्हा वाटलं, याला ऐकवत नाहीये, अजून जखम ओली आहे. मी गप्प बसले ती कायमचीच. मग वरचा चढ. तू पहिल्या गिअरमध्ये, आणि मी मागे पायी, दोन्ही हातांत दगड घेऊन. गाडी थांबली की चाकामागे दगड लावायचा, निघाली की उचलून पळायचं. मागून ट्रकवाले भोंगे वाजवतायत, माझी साडी घोट्यापर्यंत धुळीत, आणि तू खिडकीतून ओरडतोयस, "लाव! लाव! उचल!" माथ्यावर पोचलो तेव्हा मी दोन्ही दगड दरीत भिरकावले आणि आपण दोघं उगाचच ओरडलो. माझ्या आयुष्यातला इतका आनंदाचा दिवस मला दुसरा आठवत नाही. मीनल झाली तो सोडून.

त्या लोखंडावर तुझं गॅरेज किती वर्षं चाललं! उज्जैन, देवास, खंडव्याहून लोक यायचे, परदेशीपुऱ्यात येऊन 'मयूरवाले भिया' विचारायचे. तुळशीरामजी एकदा रंगपंचमीला गेरच्या मिरवणुकीसाठी आले, राजवाड्यावर तुम्ही दोघं नखशिखांत रंगून घरी आलात आणि त्या अवतारातच एका गाडीचा गिअरबॉक्स उघडून बसलात. मग हळूहळू गाड्याच संपल्या. सरकारी ऑफिसांनी काढून टाकल्या, डॉक्टर गेले, त्यांच्या मुलांनी विकल्या. तू रडत बसला नाहीस. पिठाच्या गिरण्यांच्या जळलेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरायला लागलास.

एका भाऊबीजेला तू आपण होऊन म्हणालास, "कडी नीट करायला पाहिजे होती त्यांनी. तेवढं तर करताच आलं असतं." मी इतकी चमकले की ओवाळायची थांबले. तुझी बाजू तू अर्धी सोडून दिलीस. माझं अर्धं मी कधी बोलले नाही. आता बोलते. मी विकलेल्या पहिल्या चार गाड्या कधीच भंगारात गेल्या, त्यांचे सुटे भाग कंपनीनेच बंद केले, आणि त्या कोणी जुळवल्या हे आत कुठेही लिहिलेलं नव्हतं. ती माणसं कोण होती, मला माहीत नाही. हे मला त्या लाल गाडीच्या दिवशीच टोचलं होतं, दादा. कबूल करायला कमीपणा वाटला.

आणि मागच्या महिन्यात मीनलने विजेवरची गाडी घेतली. मला वाटलं तू नाक मुरडशील. तू लालबागपर्यंत चक्कर मारून आलास, उतरलास, बॉनेट उघडायला लावलंस आणि उडालासच. "शुभे! यात इंजिनच नाहीये! ही तर मोटर आहे! अरे, मोटर मला येते!" शहात्तर वर्षांचा माणूस, गल्लीत उभा राहून हात वर करून सांगत होता, मोटर मला येते. मग एकदम गंभीर झालास. "पण हिला आवाज नाही. बिघडायला लागली तर कळणार कसं? मशीन आधी आवाजात सांगते. मीनल, तुझ्या शोरूमवाल्यांना विचार."

त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी चहा घेता घेता तू गेलास.

मीनलने विचारलं होतं. शोरूमचा इंजिनिअर म्हणाला, कॉम्प्युटर लावतो मॅडम, स्क्रीनवर येतं. तुला हे उत्तर चाललं नसतं. मलाही नाही चाललं. म्हणून काल कैलासभिया गेल्यावर मी मीनलला म्हटलं, गाडी काढ, गल्लीत अगदी हळू चालव, काचा खाली कर. आणि मी साडी खोचली आणि चाकाशी कान नेऊन गाडीबरोबर वाकून चालत राहिले. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत होत्या. आधी काही नाही. नुसतं टायरचं चिरडणं. मग मीनलने जरा वेग वाढवला, आणि दादा, आहे! बारीक आहे, शिट्टी वाजवायच्या आधी ओठांत जशी हवा येते तसा, पण आहे आवाज! वेग वाढला की चढतो, कमी झाला की उतरतो, आणि उजव्या मागच्या चाकाशी जरासा खरखरतो.

मी मीनलला थांबवलं. म्हटलं, उलटी घे, उजव्या बाजूला परत एकदा ऐकायचंय मला.